नॉर्वेत आमची शाखा नाही

मलकापुरात वेबसाइट बनवून घ्यायला येणारा माणूस आधी खुर्ची ओढतो, मग चहा नको म्हणतो, मग चहा घेतो, आणि बशी खाली ठेवता ठेवता खिशातून मोबाइल काढून म्हणतो, "हे पाय. अशी पाहिजे. सेम टू सेम."

महामाया इंगळेला हे इतकं पाठ झालं होतं की माणसाचा हात खिशाकडे निघायच्या आधीच ती विचारायची, "कोनासारखी पाहिजे, काका?" काकांना वाटायचं, पोरगी हुशार आहे, मनातलं ओळखते.

तिचं ऑफिस म्हणजे एकेकाळचा 'महामाया प्रिंटिंग प्रेस'. लेक झाली त्याच वर्षी इंद्रभान इंगळ्यांनी प्रेस टाकला आणि तिचं नाव पाटीवर चढवलं. तालुक्यातल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका या एका खोलीतून गेल्या. प्रत्येक पत्रिकेच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, 'मुद्रक : महामाया प्रेस, मलकापूर' असं असायचं. लहानपणी महामायाला वाटायचं, सगळ्यांच्या लग्नात शेवटचा मान आपलाच असतो.

पत्रिका ठरायची कशी, तर टेबलावर एक जाडजूड अल्बम असायचा. एका बाजूनं उघडला की गणपती, दुसऱ्या बाजूनं उघडला की पिंपळपान आणि 'मंगल परिणय'. गिऱ्हाईक बोटाला थुंकी लावून पानं उलटायचं, एका पत्रिकेवर बोट टेकवायचं आणि म्हणायचं, "हे." झालं डिझाइन. नावं बदलली की पत्रिका तयार. एकदा सगळी नावं बदलली आणि एक ओळ बदलायची राहिली, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं – बंटी आणि चिंगी'. त्या घरात बंटीही नव्हता आणि चिंगीही नव्हती. मुलीकडच्यांनी मांडवातच चौकशी सुरू केली की नवरदेवाचा हा कोणता भाऊ आपल्यापासून लपवून ठेवला आहे. त्या बंटीचा पत्ता आजतागायत लागलेला नाही.

पुढे मोबाइलवर फुकटात पत्रिका फिरायला लागल्या आणि प्रेस थंडावला. महामाया तोवर पुण्यात डिझाइन शिकून तिथल्या एका कंपनीत लागली होती. तिथं ती 'मले' म्हणाली की शेजारच्या टेबलावरचे लोक माना वळवून बघायचे. कंपनी बंद पडली तशी ती परत आली, मशीन विकून झालेल्या मोकळ्या जागेत तिनं कॉम्प्युटर मांडला, आणि महिनाभरात तिच्या लक्षात आलं की अल्बम गेला असला तरी बोट तसंच शाबूत आहे. आता ते मोबाइलवर टेकत होतं.

दाताच्या डॉक्टरांना अकोल्याच्या डॉक्टरांसारखी साइट हवी होती, ती करून दिली. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टवाल्याला दाताच्या डॉक्टरांसारखी हवी होती.

"पण काका, ते दात, हे ट्रॅक्टर."

"तं काय झालं? त्याईची चांगली चालून राह्यली. तशीच दे."

तशीच दिली. त्या गडबडीत एक वाक्य डॉक्टरांचं तसंच राहून गेलं, 'तुमचे हास्य, आमची जबाबदारी'. चूक कळल्यावर महामाया धावत दुकानात गेली, तर मालकानं तेच वाक्य मोठ्या अक्षरात शटरवर रंगवून घेतलं होतं.

या कुठल्याही साइटखाली तिनं आपलं नाव टाकलं नाही. इंद्रभान खोलीच्या मागच्या अंगाला गादीवर लोळून पेपर वाचायचे आणि पेपरामागून बोलायचे.

"खाली नाव काऊन टाकत नाही तू?"

"माझं काय आहे बाबा त्यात?"

"पत्रिका तरी कुठं माह्या होत्या? मी टाकतच होतो ना."

"तुम्ही मुद्रक लिहीत होते. छापली तर तुम्हीच होती, ते खरं होतं. मी काय लिहू? नक्कल करणार, महामाया इंगळे?"

यावर पेपराचं पान उलटायचं. आणि महामायाला रात्रंदिवस एकच गोष्ट हवी होती. एक तरी काम असं व्हावं, ज्याच्या तळाशी आपलं नाव लिहिताना हात अडखळणार नाही.

ती संधी कापसाच्या धुळीत न्हाऊन आली. अर्जुनराव नारखेडे हे हायवेच्या कडेच्या नारखेडे गादी भांडाराचे मालक. कापूस पिंजायचं यंत्र दुकानातच असल्यामुळे त्यांच्या भुवयांवर बारमाही कापूस बसलेला असे. इंद्रभानांची ती लोळायची गादीही त्यांच्याच हातची होती. लाल पट्ट्यांचं कापड ऐन वेळी कमी पडलं म्हणून अर्जुनरावांनी तिचा एक कोपरा हिरव्या पट्ट्यांचा लावला होता आणि वर म्हणाले होते, "डोकं तिकडं करून झोपजा, दिसत नाही." त्यांच्या समोरच राजकुमारचं फोमच्या गाद्यांचं दुकान झालं होतं आणि राजकुमारनं साइट केली होती. म्हणून अर्जुनराव खुर्ची ओढून, चहा नको म्हणून, चहा पिऊन म्हणाले, "राजकुमारसारखी कर. त्याची निळी हाय, माही लाल कर. बस."

"काका, तो फोम विकतो. तुम्ही कापूस विकता. दोघांची सारखी कशी?"

"सारखी असली का लोकायले समजते, आपलं बी दुकान हाय."

"मले एकदा माह्या मनानं करू द्या. नाही आवडली तर राजकुमारची लाल करून देतो."

अर्जुनराव भुवईवरचा कापूस झटकत म्हणाले, "पाहाले काय जाते."

महामाया त्यांच्या दुकानात जाऊन गाद्यांच्या थप्पीवर बसून राहिली. तिला दिसलं ते एवढंच, की अर्जुनराव गिऱ्हाइकाशी फार बोलत नाहीत. कोणी आलं की ते गादीवर एक बुक्की मारतात, गादी खोल जाते, सावकाश वर येते, आणि ते म्हणतात, "दाबा. दाबून पाहा." त्यांची सगळी विक्रीकला या तीन शब्दांत होती. पोरीच्या लग्नात द्यायची गादी घ्यायला आलेल्या आयाबाया मान बाजूला करून, डोळे मिटून, डॉक्टरनं पोट तपासावं तशा गाद्या दाबायच्या आणि शेवटी एकमेकींकडे बघून हुंकार भरायच्या.

महामायानं साइट केली ती अशी. उघडली की सगळा पडदा पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा. वरून एक लांब सुई दोरा घेऊन निघायची आणि पान खाली सरकवाल तसतसे टाके पडत जायचे. आणि कुठंही बोट टेकवलं की ती जागा खोल दबायची, बोट उचललं की हळूहळू फुगून वर यायची.

अर्जुनरावांनी अंगठ्यानं दाबलं. दबलं. पुन्हा दाबलं. मग तळहातानं दाबलं. चहा निवून गेला तरी ते दाबत होते, आणि कापसाखालच्या त्या चेहऱ्यावर नातू मांडीवर बसल्यासारखा आनंद होता. महामायानं मनातल्या मनात तळाशी नाव लिहूनसुद्धा टाकलं.

मग त्यांनी मान वर केली. "हे कोनासारखी हाय?"

"कोनासारखीच नाही, काका. तुमचीच आहे."

"म्हंजे अशी कोनाचीच नाही?"

"नाही."

"मंग आपलीच काऊन?" त्यांचा चेहरा उतरला. "बाकीचे काय येडे हायेत?"

"काका, चांगली आहे की नाही ते सांगा."

"चांगली हाय ना. म्हनून तं भेव वाटते. उद्या कोनी इचारलं, ही कुठून आणली, तं मी काय सांगू?"

"सांगा, महामायानं केली."

"तू तं इथलीच हायेस, पोरी."

ते इतक्या मायेनं म्हणाले की रागावतासुद्धा येईना. मोबाइल टेबलावर ठेवून ते उठायला लागले. "राजकुमारचीच लाल करून टाक."

आणि महामायाच्या तोंडून, तिला स्वतःला कळायच्या आत, शब्द बाहेर पडला. "नॉर्वे."

"काय?"

"नॉर्वेची आहे, काका. तिथं एक मोठा गादीवाला आहे. त्याच्या साइटवरून घेतली. मले वाटलं, तुम्हाले आवडणार नाही सांगितलेलं."

मागच्या अंगाला पेपर खाली आला. इंद्रभानांचे डोळे तेवढे वर दिसले.

"नॉर्वे कुठी आलं?" अर्जुनरावांनी त्यांनाच विचारलं.

इंद्रभानांनी लेकीकडे पाहिलं, मग छताकडे बोट केलं. "वर. एकदम वर. बर्फात."

"तं थंडी असन लय."

"रजईबिगर माणूस टिकत नाही म्हनतात."

"मंग त्यायले समजते गादीतलं." अर्जुनराव परत बसले. "असं पह्यले सांगाचं ना, पोरी. उगंच जीव घाबरवला." त्यांनी आणखी दोनदा दाबून पाहिलं, साइट पक्की केली, आणि उंबऱ्यातून मागे वळून म्हणाले, "ते ओरिजनल दाखवजो मले एकडाव. पाहून घेतो, त्याच्यापेक्षा काही कमी तर नाही केलं तू."

ते गेल्यावर इंद्रभानांनी पेपराची घडी घातली.

"आता?" इंद्रभान म्हणाले.

"आता नॉर्वे बनवावं लागन."

स्वतःच्या साइटची स्वतःच नक्कल करणारी मलकापुरातली ती पहिलीच बाई असावी. पट्टे पुसट केले, सुई बदलली, दाबल्यावर जरा कमी दबेल असं केलं. मजकूर मशीनकडून नॉर्वेच्या भाषेत करून घेतला. मालकाचं नाव ठेवलं इंडरसन. ते नाव कुठून आलं हे इंद्रभानांनी विचारलं नाही, पण दिवसभर ते खुशीत होते. अडचण फोटोची आली. मालक आपल्या गादीवर हात ठेवून उभा आहे, असा एक फोटो तळाशी हवाच होता.

म्हणून भर मे महिन्यात, मलकापुरात डांबर चपलेला चिकटत असताना, इंद्रभान इंगळे माकडटोपी, मफलर आणि लग्नातला कोट घालून आपल्याच गादीपाशी उभे राहिले. खिडकीच्या चौकटीवर महामायानं अर्जुनरावांकडून मागून आणलेला कापूस अंथरला. तो बर्फ.

"पाठमोरा काऊन उभा करतेस मले?"

"अर्जुनकाका ओळखतात ना तुम्हाले."

"टोपी तं काढू दे."

"नॉर्वेत कोणी काढत नाही, बाबा."

"नॉर्वेत मे महिना नसते काय?" टोपीच्या आतून आवाज आला. "पंखा तरी लाव."

"बर्फ उडते."

अर्जुनरावांनी नॉर्वे पाहिलं. वरच्यावरच पाहिलं, कारण पहिल्या पानावरच त्यांचं दाबणं सुरू झालं. "बराबर हाय. आपलं जरा जास्तच दबते त्याच्यापेक्षा," असा निकाल त्यांनी दिला. साइट सुरू झाली. तळाशी महामायानं लिहिलं, 'रचना : महामाया इंगळे, मलकापूर'. हात अजिबात अडखळला नाही. त्या दिवशी घरी रविवार नसतानाही मटण शिजलं.

चूक झाली होती ती पुढे उलगडत गेली. अर्जुनराव गप्प बसणारे नव्हते. त्यांनी बाजारपेठेच्या, लग्नकार्याच्या, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या, सगळ्या ग्रुपवर दोन्ही साइट पाठवल्या. 'आपली साइट नॉर्वेच्या कंपनीवरून. ओरिजनल पण पाहा.' आणि खाली बोट दाखवणारं चित्र. मलकापुरात यामुळे त्यांचा भाव वाढला. खवा विकणारा एक जण आला आणि म्हणाला, माझेही पेढे दबले पाहिजेत. शेवटी राजकुमार फोमवाला स्वतः आला, चहा नको म्हणून, चहा पिऊन, इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "मले नॉर्वेवाली पाहिजे. पण ओरिजनल नॉर्वेवाली. अर्जुनरावसारखी नक्कल नको."

महामायाला हसावं की कॉम्प्युटरवर डोकं आपटावं, कळेना.

आणि मग लोणारहून फोन आला. सुचिता मापारी नावाच्या बाई होत्या. तिथं घरगुती मुक्काम देणाऱ्यांचा एक संघ होता, आणि त्याचा कारभार त्या बघत.

"तुमच्या गादीवाल्यांची साइट पाहिली. खाली तुमचं नाव दिसलं. तुम्हीच केली ना?"

"हो, मीच."

"बघा, मला नक्कल नको. आधीच्यानं आम्हाला साइट करून दिली, ती कुठून तरी उचललेली. त्यात सरोवर म्हणून भलताच फोटो, निळंशार पाणी आणि हाउसबोट. आता पाहुणे येतात अन् काठावर उभं राहून विचारतात, बोट कधी सुटते? त्या खाऱ्या पाण्यात बोट कुठून आणू मी? आमचं सरोवर जगात एकच, अन् साइट मात्र दुसऱ्याची उतरवलेली. लाज वाटते हो. मला आमचीच पाहिजे."

महामाया फोन कानाला लावून उभी राहिली ती बसलीच नाही. या वाक्याची ती पुण्यापासून वाट बघत होती. सुचिताताईंना मुक्कामासाठी गाद्याही घ्यायच्या होत्या. तेव्हा अर्जुनरावांच्या दुकानातच भेटायचं ठरलं.

त्या आल्या, गाद्या दाबल्या, हुंकार भरला, चहा घेतला. मग पर्समधून मोबाइल काढून त्यांनी महामायासमोर धरला. बोट दाखवणारं ते चित्र लोणारपर्यंत पोचलं होतं.

"हे आमच्या ग्रुपवर आलं. मी बसमध्ये दोन्ही साइट नीट बघितल्या." त्यांचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट होतं. "गाद्या मी घेईन. गाद्या चांगल्या आहेत. पण पोरी, दुसऱ्याचं घेतलं होतंस तर खाली तुझं नाव कशाला टाकलंस?"

दुकानात पिंजायच्या यंत्राचा आवाज चालू होता म्हणून बरं. खरं सांगावं, तर अर्जुनकाका त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच गिऱ्हाइकांसमोर खुळे ठरत होते. सगळ्या गावाला नॉर्वे दाखवून आलेला माणूस. आणि गप्प राहावं, तर आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेलं तिचं नाव चोराचं ठरत होतं.

"ताई," ती म्हणाली, "ती नॉर्वेची साइट—"

"आना इकडं." अर्जुनरावांनी हात पुढे केला. कपाळावरचा चष्मा खाली ओढून ते साइट पाहू लागले. या वेळी ते दाबत बसले नाहीत. टाके घालत घालत पार तळापर्यंत गेले. तिथं इंडरसन उभे होते, टोपी घालून, आपल्या गादीवर हात ठेवून.

अर्जुनरावांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. चष्म्याच्या वरून एकदा महामायाकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे. मग मागे वळून हात हलवला आणि यंत्र बंद करायला लावलं.

"हे गादी माही हाय," ते म्हणाले.

महामायाच्या डोळ्यासमोर आत्ता, इतक्या उशिरा, तो हिरवा कोपरा आला. रोज पाहून पाहून तो तिला दिसायचाच बंद झाला होता.

"तुमची?" सुचिताताई म्हणाल्या. "नॉर्वेत?"

"हा कोपरा पाहा. लाल पट्ट्यात हिरवा. कापड कमी पडलं होतं तवा मीच लावला. असा कोपरा साऱ्या दुनियेत एकच हाय." अर्जुनरावांचा आवाज चढत गेला. "आता तुम्हीच सांगा ताई. माही गादी त्याच्या दुकानात. म्हंजे कोनी कोनाचं उचललं?"

"पण ती तिकडं गेली कशी?"

"गाडीनं गेली असन."

"काका, ऐका ना जरा," महामाया म्हणाली.

"तू गप राह्य. तुह्यं नाव चोरीले गेलं, तुले पत्ता बी नाही. आन मी येडा, साऱ्या गावाले सांगून राह्यलो का आपन त्याचं घेतलं. हा पाहा कसा उभा हाय, माह्याच गादीवर हात ठेवून. तोंड बी दाखवत नाही. काऊन दाखवीन?" त्यांनी गल्ल्यामागचा स्टूल पुढे सरकवला. "बस. नोटीस लिही त्याले. इंग्रजीत."

महामाया बसली. दुसरं काय करणार?

"लिही, श्री. इंडरसन यांसी. सप्रेम नको, नुसता नमस्कार लिही. तुमी आमची गादी आन आमची साइट, दोन्ही उचलल्या. साइट आज संध्याकाळपर्यंत बंद करा. नाहीतं तारखेले मलकापुरात यावं लागन. कंसात लिही, मे महिन्यात."

दुकानातल्या लोकांनी मान डोलावली. मे महिन्याच्या धमकीपुढे नॉर्वेचा माणूस टिकत नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

सुचिताताईंना बसस्टँडवर सोडायला महामाया गेली. खामगावमार्गे जाणारी गाडी लागायची होती. उसाच्या रसाच्या गाड्याजवळ तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. काका काय म्हणाले, ती काय म्हणाली, टोपी, मफलर, कापसाचा बर्फ.

सुचिताताई तिच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे ते इंडरसन...?"

"माझे बाबा."

"अन् दोन्ही साइट तुझ्याच?"

"हो."

"मग नक्कल केली कुणी, अन् कुणाची?"

"मीच. माझी."

सुचिताताईंनी रसाचा ग्लास खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून त्या हसल्या, इतक्या की गाड्यावाल्यानं चरक थांबवला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "दुकानात गप्प होतीस, तशी इथंही राहिली असतीस तरी चाललं असतं. त्या बाप्यानं तुला वाचवलंच होतं."

"तुम्ही नाव का टाकलं म्हणून विचारलं होतं. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं."

"हं." गाडी लागली. सुचिताताईंनी पिशवी उचलली. "ये लोणारला. चार दिवस राहा, सरोवरात उतर, वास घे त्या पाण्याचा, अन् मग कर. आमचे लोकही विचारणार, कुणासारखी आहे म्हणून. त्यांचं मी बघते. तू तेवढं नॉर्वे आणू नकोस."

संध्याकाळी महामायानं नॉर्वे बंद केलं. ही बातमी अर्जुनरावांना राजकुमारकडून कळली, कारण तो ते उघडून उघडून थकला होता. दुसऱ्या दिवशी बाजारात एकच विषय होता. अर्जुनरावांनी एका नोटिशीत नॉर्वेवाल्याचं दुकान बंद पाडलं. खवेवाल्यानं पेढ्यांचा आग्रह सोडला आणि महामायाला सांगितलं, "माही जरा वेगळी कर बाप्पा. अर्जुनराव सोडत नाहीत कोनाले."

दुपारी अर्जुनराव स्वतःच आले. खुर्ची न ओढता थेट मागच्या अंगाला गेले आणि इंद्रभानांच्या उशाशी उभे राहिले. इंद्रभानांनी पेपर नाकापर्यंत वर घेतला.

"उठा, इंद्रभानभाऊ. गादी न्यायची हाय. हिरवा कोपरा उसवून राह्यला, आतला कापूस बी गोळा झाला. फोटोत दिसत होता. पिंजून देतो."

महामाया उठून उभी राहिली.

"काका, तुम्हाले दुकानातच समजलं होतं?"

"मले काय समजते, बाप्पा. मी तं नॉर्वेवाल्याशी भांडून राह्यलो होतो." ते गादीची वळकटी करायला लागले. "फक्त त्याले सांगजो, घामोळ्यायले पावडर लाव. टोपी-मफलरच्या मधात मानेवर लय दिसून राह्यल्या."

इंद्रभानांनी पेपराच्या मागेच मान चोळली.

गादी खांद्यावर टाकून अर्जुनराव उंबऱ्यापर्यंत गेले आणि सवयीनं मागे वळले. "हाव, एक राह्यलं. साइटच्या खाली टाक, आमची कुठेही शाखा नाही. नॉर्वेतही नाही."

"टाकतो."

"आन त्याच्याखालचं तुह्यं नाव जरा मोठं कर. लोक इचारतात कुठून आणली, तं दर वेळी चष्मा शोधा लागते मले."